पद्मिनीच्या पुढच्या क्रॉस मेंबरला बोल्ट कोणते घालावेत? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

देवगडला आमच्याकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गाडी शोभेला ठेवलेली नाही, फोंडा घाट चढून कोल्हापूरला जाते-येते. पावसाळा संपल्यापासून खड्ड्यात चाक गेलं की पुढून टक्कन आवाज येतो. मेस्त्रींनी गाडी वर घेतली तेव्हा कळलं, पुढचा क्रॉस मेंबर (बॉडीखालची आडवी लोखंडी तुळई) बॉडीला ज्या बोल्टांनी आवळलाय ते गंजून मधेच बारीक झालेत. विशबोन (चाक धरणारे हात), स्प्रिंगा, सगळं त्याच मेंबरवर. घाट उतरताना ब्रेक दाबला की तो झटका याच बोल्टांमधून बॉडीत जाणार. म्हणून इथे तात्पुरतं काही करायचं नाही.

जुन्या बोल्टांच्या डोक्यावरचे आकडे गंजात गेले. व्यास १० मिमी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) गेज लावून मोजला तर १.२५. इथल्या दुकानात १० मिमी मागितला की १.५ पिचचाच बोल्ट हातात देतात.

सल्ले भरपूर मिळाले. बंदरावर होड्यांचं सामान विकणारे म्हणतात, ३१६ स्टेनलेस घाला, खाऱ्या पाण्यात टिकतो. लेथवाले सळईतून हवा तसा बोल्ट काढून द्यायला तयार आहेत. एक मित्र म्हणतो, १२.९ ग्रेडचा काळा ॲलन बोल्ट घाल, सगळ्यात मजबूत. गंजाचा विचार केला तर मला स्टेनलेस पटतो, पण ताकदीचं काय? ज्यांनी किनाऱ्यावर जुन्या गाड्या सांभाळल्यात त्यांनी कृपया सांगा.

कुडाळचा गॅरेजवाला:
स्टेनलेस नको. नेहमी मिळतो तो ताकदीच्या ७० क्लासचा असतो. तो ४५० मेगापास्कल (ताणाचं माप) झाले की कायमचा लांबायला लागतो, ८.८ ग्रेडचा एचटी (हाय टेन्साइल) बोल्ट ६४० पर्यंत दम धरतो. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस नट आवळताना आटे एकमेकांना चिकटून जाम होतात. आणि खारं पाणी साचलं की स्टेनलेस तसाच राहतो, भोकाभोवतीचा बॉडीचा साधा पत्रा मात्र आधी खाल्ला जातो. बोल्ट बदलता येईल हो, तो पत्रा कुठून आणाल?

लेथवरचा तर अजिबात नको. साध्या सळईत ८.८ च्या जेमतेम निम्मी ताकद, त्यात कापून पाडलेले आटे. कारखान्यातले आटे दाबून वळवलेले असतात, ते सततच्या हादऱ्यांना जास्त टिकतात.

१२.९ चं नाव मोठं आहे, पण एवढं कडक पोलाद गंजताना हायड्रोजन पोटात घेतं आणि न ताणता अचानक तुटतं. काळ्या पॉलिशला आपल्याकडचा एक पाऊससुद्धा झेपत नाही. ८.८ निदान आधी ताणतो, म्हणजे तपासणीत सापडतो.

तुम्ही ८.८ घ्या, १० बाय १.२५, झिंक फ्लेक कोटिंगचा (गंज रोखणारा जस्ताचा थर) मिळाला तर उत्तम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा मुंबईत नागदेवीला चौकशी करा. जुना बोल्ट बरोबर न्या. आटे नसलेला गुळगुळीत भाग दोन पत्र्यांच्या सांध्यापलीकडे जाईल एवढी लांबी बघा, आटे सांध्यावर यायला नकोत. खाली कडक सपाट वायसर घाला. १.५ चा बोल्ट १.२५ च्या नटात दोन आटे जातो आणि अडकतो, तिथे पान्याने जोर लावू नका. टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलमधलाच धरा. कोरड्या आट्यांना या मापाला साधारण ४५ ते ५० न्यूटन मीटर लागतो. आट्यांना ग्रीस लावलंत तर कमी करा, नाहीतर बोल्ट जास्त ताणला जाईल.

पण बोल्ट आणण्याआधी बॉडीची चॅनल (मेंबर जिला आवळलाय तो पोकळ पत्र्याचा भाग) तपासा. जाड स्क्रूड्रायव्हरने भोकाभोवती टोचून बघा. पत्रा दबला किंवा पापुद्रे सुटले, तर आधी डेंटिंगवाला, बोल्ट नंतर.

धागाकर्ता:
मनापासून आभार. टोचून बघितलं. उजवीकडे पत्रा ठणठणीत आहे. डावीकडे एका ठिकाणी पापुद्रा निघाला आणि चॅनलच्या आतला वेल्ड केलेला नट बोल्टासकट फिरतोय. आता?

कुडाळचा गॅरेजवाला:
नट फिरतोय म्हणजे चॅनलला बाजूने खिडकी कापावी लागेल. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नको. इंजिनचा भार मेंबरवर येत असेल तर तो वरून चेनब्लॉकने धरा. एकेक बोल्टच काढा, सगळे एकदम नाही, म्हणजे मेंबर जागचा हलणार नाही. पापुद्र्याचा पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा लावा, नवा नट वेल्ड करा, खिडकी बंद करा. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढा आणि पेट्रोलची लाइन कुठून जाते ते बघा. गार झाल्यावर चॅनलच्या आत पातळ मेण मारा, पाणी निथळायची भोकं मात्र उघडी ठेवा. मग व्हील अलाइनमेंट, आणि शेदोनशे किलोमीटर चालल्यावर टॉर्क पुन्हा एकदा तपासा. तोवर फोंडा घाट नको.