शनिवारची पालकसभा: अर्जातला तिसरा परिच्छेद, कृपया आज रात्रीच बघा

पाठवणार: चिऊची आई, त्रिमूर्तीनगर
बुधवार, रात्री १०.१०

मंडळी, थेट मुद्द्यावर येते. शनिवारी पालकसभा आहे आणि उद्या संध्याकाळपर्यंत दुसरीच्या गृहपाठाविरुद्धचा आपला अर्ज वर्गशिक्षिकेच्या हातात पडायला हवा. एकवीस पालक सही करायला तयार आहेत, पण तिसऱ्या परिच्छेदावर गाडं अडलंय. मजकूर असा:

"आम्ही इयत्ता दुसरीचे पालक, व त्यांपैकी काही परदेशातील मराठी मंडळाचे सदस्य, आपल्या निदर्शनास आणू इच्छितो की न्यायालयाच्या आदेशानुसार इयत्ता दुसरीपर्यंत गृहपाठ देणे बेकायदेशीर आहे. तरी गृहपाठ त्वरित बंद करण्यात यावा."

विचारायच्या दोनच गोष्टी. "बेकायदेशीर" हा शब्द टिकेल का? आणि "बंद करा" म्हणावं की "दहा मिनिटांचाच द्या"? इथे अर्धे पालक एका बाजूला आहेत, अर्धे दुसऱ्या.

काल चिऊ पेन्सिल हातात धरून जेवणाच्या टेबलावरच झोपली. रोज कर्सिव्हचं एक पान, मराठी शुद्धलेखनाचं एक पान, गणिताच्या दोन वर्कशीट. साडेपाचला बसते, आठ वाजतात. वय सात वर्षं. म्हणून घाई करतेय.

---

पाठवणार: वकीलकाका, धंतोली
बुधवार, रात्री १०.५५

चिऊच्या आई, "बेकायदेशीर" आधी काढा. त्या एका शब्दावर प्राचार्या अर्ज बाजूला ठेवतील आणि त्यांचं चुकणारही नाही.

तुम्ही म्हणता तो आदेश मद्रास उच्च न्यायालयाचा, २९ मे २०१८चा. पहिली-दुसरीला गृहपाठ नको, असं त्यात स्पष्ट आहे. पण आपण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या हद्दीत राहतो. दुसऱ्या राज्यातल्या उच्च न्यायालयाचा निर्णय इथे दाखला म्हणून वाचून दाखवता येतो, तो इथे बंधनकारक नसतो.

त्यापेक्षा केंद्राच्या "स्कूल बॅग पॉलिसी २०२०"चा आधार घ्या. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला रोज एक तास. लक्षात घ्या, दोन तास आठवड्याला, रोज नव्हे. शिक्षण १९७६पासून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत आहे, त्यामुळे केंद्राचं धोरण म्हणजे कायदा नव्हे. पण तुमची शाळा सीबीएसईची आहे आणि सीबीएसईनेही दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं आपल्या शाळांना कळवलेलं आहे. म्हणून लिहायचं ते "धोरणाशी विसंगत". हा शब्द कोणी खोडू शकणार नाही.

आणखी एक. शिक्षण हक्क कायदा २००९ हा मात्र खरा कायदा आहे. त्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवलेत. भागाकार करा, दिवसाला चार तास येतात. लहान मुलाला एवढं शिकणं पुरे आहे असं संसदेनं मानलं. तुमची चिऊ सहा तास शाळेत आणि अडीच तास टेबलाशी बसते. हा हिशेब सभेत तोंडी मांडा, अर्जात नको.

---

पाठवणार: सचिव, परदेशातील मराठी मंडळ
गुरुवार, सकाळी ७.०५ (नागपूरची वेळ)

अर्जाला शुभेच्छा. एक विनंती: "परदेशातील मराठी मंडळाचे सदस्य" हे शब्द काढावेत. कार्यकारिणीच्या ठरावाशिवाय मंडळाचं नाव कोणत्याही निवेदनात जात नाही, हे एकमताने ठरलंय. जे सदस्य नागपूरला कायमचे परतले, ते सध्या सभासद आहेत की माजी, हाही प्रश्न वार्षिक सभेत अजून लटकलेला आहे. दिवाळीच्या हॉलचे मेल या धाग्यात हरवू नयेत, ही आणखी एक विनंती.

---

पाठवणार: प्रतापनगरचे दादा
गुरुवार, सकाळी ७.३०

सचिवसाहेब, मंडळाची ही मेल-यादी सुरू झाली तेव्हा हॉलही नव्हता आणि ठरावही नव्हते. कोणाला सामान पाठवायचंय, कोणाच्या आईला विमानात सोबत हवी, यासाठीच ती होती. परत आलेले लोक अडचण विचारणार ते इथेच. नाव काढायला हरकत नाही, धागा मात्र चालू राहू द्या.

---

पाठवणार: ब्रॅम्प्टनचा बंडू (कॅनडा)
गुरुवार, सकाळी ८.१५ (नागपूरची वेळ)

वहिनी, "दहा मिनिटं" म्हणताना थोडी गल्लत होतेय. अमेरिकेत जो दहा मिनिटांचा नियम म्हणतात तो इयत्तागणिक आहे. पहिलीला दहा, दुसरीला वीस, तिसरीला तीस. म्हणजे तुम्ही त्या नियमाचं नाव घेतलंत तर शाळा वीस मिनिटं मागेल आणि ते बरोबरच ठरेल.

ड्यूक विद्यापीठाच्या हॅरिस कूपर यांनी १९८७ ते २००३पर्यंतची संशोधनं एकत्र तपासून २००६मध्ये जे मांडलं, त्यात मोठ्या वर्गांत गृहपाठ आणि गुण यांचा संबंध बऱ्यापैकी दिसतो, प्राथमिक वर्गांत तो फार क्षीण आहे. फ्रान्सने प्राथमिक शाळेतला लेखी गृहपाठ १९५६मध्येच बंद केला. पोलंडने एप्रिल २०२४पासून पहिली ते तिसरीचा सक्तीचा लेखी गृहपाठ काढून टाकला. चीननेसुद्धा २०२१मध्ये पहिली-दुसरीला लेखी काम देऊ नका असं सांगितलं.

तरीही माझं मत शून्याच्या बाजूचं नाही. आमच्या पोराला इथल्या शाळेतून रोज पुस्तक येतं, तेवढंच आम्ही वाचतो. ती वीस मिनिटं गेली तर आमच्या घरातलं वाचनच जाईल. आणि मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेतही गृहपाठ असतोच की, त्याला कोणी बेकायदेशीर म्हटलेलं नाही.

---

पाठवणार: रविवारच्या शाळेची ताई
गुरुवार, सकाळी ८.४०

बंडू, रविवारची शाळा यात ओढू नकोस. आमच्याकडे मुलं आठवड्यातून एकदा दोन तास येतात. मधले सहा दिवस कानावर मराठी पडत नाही, म्हणून एक पान देतो, तेही आजीला फोन करून विचारायचं. दरवर्षी मी हे समजावते आणि दरवर्षी कोणीतरी हाच विषय काढतं. नागपूरच्या लेकराला मराठी ऐकायला गृहपाठाची गरज नाही. सोसायटीच्या गेटवर उभं राहिलं तरी चालतं.

---

पाठवणार: मनीषनगर
गुरुवार, दुपारी १.२०

माझी मुलगी चिऊच्याच वर्गात आहे. मी सही केलेली नाही आणि का नाही ते इथे सांगतो, कारण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्यावर बरंच बोलून राहिले लोक.

आम्ही दोघं सातला घरी पोचतो. पोरगी चारपासून पाळणाघरात. तिथल्या मावशींना "हे एवढं करून घ्या" असं सांगता येतं ते गृहपाठ असतो म्हणूनच. नसेल तर सात वाजेपर्यंत मोबाइल, ही सरळ गोष्ट आहे. चिऊच्या आई संध्याकाळी घरी असतात, म्हणून त्यांच्या संध्याकाळीत बाग आहे, गोष्ट आहे. सगळ्यांच्या नाही.

दुसरं, तिसरीत अचानक सगळं सुरू झालं की पोरं कोलमडतात. मोठ्याच्या वेळी ते पाहिलंय. बसायची सवय कधी लागणार? वीस मिनिटं लिहा, मी सही करतो. शून्याला करणार नाही.

---

पाठवणार: महालच्या काकू
गुरुवार, दुपारी ३.४५

सर्वांचं वाचलं. जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षं पहिली-दुसरीच शिकवली, बरीचशी काटोलकडे. म्हणून थोडं लांब लिहिते.

चिऊच्या आई, आज तिची शुद्धलेखनाची वही उघड आणि पानाची पहिली ओळ आणि शेवटची ओळ शेजारी ठेवून बघ. पहिली ओळ छान असेल. शेवटच्या ओळीत "क्ष" गोल झालेला असेल, काना मात्रेला चिकटलेला. काऊन बरं? पहिली ओळ लेकरू बाईंच्या अक्षराकडे बघून लिहितं. दुसरी ओळ स्वतःच्या पहिलीकडे बघून, तिसरी दुसरीकडे बघून. खाली जाता जाता ते स्वतःच्याच चुका गिरवतं. पान जितकं मोठं, तितकी चूक पक्की. वर्गात मी पाचच ओळी लिहायला लावायची आणि तेव्हाच बाकांमधून फिरायची. पेन्सिल कशी धरली, अक्षर कुठून सुरू केलं, हे फिरतानाच दिसतं. उलटा "६" काढला की नाही हे घरून लिहून आलेल्या पानावर कळत नाही. पान पूर्ण झालं एवढंच कळतं.

मग बाई घरी का देतात? मी बाईंच्या जागी बसलेली आहे म्हणून सांगते. वर्गात चाळीस-पंचेचाळीस लेकरं. पालक वही बघून शाळा जोखतात. वही भरली नाही तर "फी कशाची घेता" असा प्रश्न येतो, आणि तो प्रश्न आज सही करणाऱ्या एकवीसांतल्या काहींनीच पूर्वी विचारलेला असेल. त्या बाईही रात्री तीन-तीन वह्यांचे गठ्ठे तपासत असतील. त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारा अर्ज देऊ नका. त्यांचाही भार उतरेल असा द्या.

मनीषनगरच्या भाऊ, तुमचं म्हणणं मला पटतं आणि कोणी तुमच्यावर बोलू नये. पण तुमची अडचण पाळणाघराची आहे, ती वर्कशीटवर टाकू नका. पाळणाघरात पत्ते द्या, चिंचोके द्या, सागरगोटे द्या. मावशींना रोज एक गोष्ट सांगायला लावा. सवयीचं म्हणाल, तर बसायची सवय लेकराला आवडीच्या कामातून लागते. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करणारं पोरगं अर्धा तास हलत नाही, हे मी रोज पाहिलंय.

मुलांवरच्या अभ्यासाच्या ओझ्याबद्दल नेमलेल्या यशपाल समितीने १९९३मध्येच लिहून ठेवलं होतं की प्राथमिक वर्गांना गृहपाठ नको, घरच्या परिसरात काही शोधायचं-विचारायचं असेल तेवढा अपवाद. आम्हाला ते प्रशिक्षणात वाचून दाखवलं होतं. नवीन काहीच नाही बाप्पा. आपल्यापासून पंचाहत्तर किलोमीटरवर वर्ध्याला १९३७मध्ये गांधीजींच्या नई तालीमची परिषद झाली, तेव्हाही हाताने काम करत शिकण्याचंच बोलणं होतं. आणि वकीलसाहेब म्हणतात त्या २०२०च्या धोरणात एक फार चांगली गोष्ट आहे: पहिली-दुसरीच्या लेकरांनी संध्याकाळ कशी घालवली, काय खेळले, काय खाल्लं, हे वर्गात सांगावं. हा खरा गृहपाठ. बाईंना तपासावा लागत नाही, ऐकावा लागतो.

पुढच्या आठवड्यात तान्हा पोळा आहे. शाळेने लाकडी बैल सजवून आणा आणि पाच वाक्यं लिहा असं सांगितलंय म्हणे. बैल लेकरानेच सजवावा, वाकडा झाला तरी चालेल. पाच वाक्यांऐवजी शेजारच्या घरी बैल घेऊन जाऊ द्या, बोजारा मागू द्या, आणि कोणी काय दिलं ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगू द्या. मोजणी झाली, बोलणं झालं, शेजारही कळला.

---

पाठवणार: प्रतापनगरचे दादा
गुरुवार, दुपारी ४.१०

काकू, दप्तराचंही घ्या अर्जात. आमच्या दुसरीतल्या नातवाचं दप्तर रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवलं, चार किलोच्या वर भरलं. त्याच धोरणात पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलोची मर्यादा आहे. २०१६मध्ये आपल्या चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन मुलांनी दप्तराच्या ओझ्याविरुद्ध पत्रकार परिषद घेतली होती, आठवतं ना? मुलांना बोलावं लागलं तेव्हा.

---

पाठवणार: वकीलकाका, धंतोली
गुरुवार, दुपारी ४.२५

दप्तराचा वेगळा अर्ज करा. एका अर्जात दोन मागण्या असल्या की सोपी तेवढी मान्य होते. गृहपाठाच्या वह्या घरी यायच्या थांबल्या की अर्धं वजन आपोआप उतरेल.

---

पाठवणार: शंकरनगर
गुरुवार, दुपारी ४.५०

शाळा भरायच्या वेळेचंही बघा कोणीतरी. ८ फेब्रुवारी २०२४च्या शासन निर्णयात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं आहे, आणि आमची बस सव्वासातला दारात. आठपर्यंत गृहपाठ, मग जेवण, सहाला उठायचं. लेकरू झोपणार कधी?

---

पाठवणार: चिऊची आई, त्रिमूर्तीनगर
गुरुवार, संध्याकाळी ५.३०

शंकरनगर ताई, वेळेचा मुद्दा सभेत तोंडी मांडूया. मी तुमच्या शेजारी बसते.

काकू, वही बघितली. अगदी तसंच आहे. पहिल्या ओळीत "शाळा" आणि शेवटच्या ओळीत "शळा". गेले दोन महिने मी रोज त्या पानावर सही करतेय आणि मला ते दिसलं नव्हतं. मी फक्त पान भरलंय का तेवढं बघत होते.

परिच्छेद बदलला. मंडळाचं नाव काढलंय, सचिवसाहेब.

"स्कूल बॅग पॉलिसी २०२०नुसार इयत्ता दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा. सध्याचा रोजचा लेखी गृहपाठ या धोरणाशी विसंगत आहे. अक्षरलेखनाचा सराव वर्गात, बाईंच्या देखरेखीखाली, थोड्या ओळींचा व्हावा आणि घरून वह्या भरून मागवू नयेत, ही विनंती. त्याऐवजी मुलांनी घरी जे पाहिले, खेळले, वाचले किंवा ऐकले ते वर्गात सांगण्यास रोज काही वेळ द्यावा. वही कमी भरली म्हणून आम्ही पालक तक्रार करणार नाही."

शेवटचं वाक्य काकूंचं वाचून घातलं. यावर चार जणांनी सही मागे घेतली, आता सतरा उरल्या. राहू दे. ते वाक्य मी काढणार नाही.

बंडू भाऊजी, "वाचले" हा शब्द तुमच्यासाठी आहे.

---

पाठवणार: मनीषनगर
गुरुवार, संध्याकाळी ६.४०

ऑफिसातूनच लिहितोय. "ऐकले" आहे त्यात, म्हणजे पाळणाघरातल्या मावशींची गोष्टही धरली जाईल. तेवढ्यावर सही करतो. तिसरीचं काय करायचं ते मात्र सभेत विचारणार, आणि आठवड्याचे दोन तास म्हणजे दोनच, हे शाळेकडून लिहून घेऊया. अर्ज कुठे आहे?

---

पाठवणार: चिऊची आई, त्रिमूर्तीनगर
गुरुवार, संध्याकाळी ६.५०

बाईंनी रात्री साडेआठपर्यंत घरी आणून द्या म्हटलंय. मी सव्वाआठपर्यंत चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे आहे. निळं पेन आणा, त्याचं संपलंय.