क्लोजिंगला दोनच माणसं, आणि अ‍ॅप 12 लाच आउट मारतं

गरम_तवा
नाशिकच्या कॉलेज रोडवर राइस बोल आणि रॅप विकणाऱ्या चेनचं आउटलेट. किचन रात्री 11 ला बंद होतं. त्यानंतर दोन फ्रायरचं तेल गाळायचं, ग्रिल घासायची, कोल्ड लाइनचे (थंड पदार्थांच्या काउंटरचे) 14 पॅन बदलून तारखा लावायच्या, फरशी, जाळी, वेस्टेजची नोंद, कॅश. एकूण काम 5 तासांचं, माणसं दोन, म्हणजे दीड वाजतो. हजेरीच्या अ‍ॅपमध्ये मात्र 12 ला आपोआप आउट. त्या दोघांतला एक पुन्हा सकाळी 8 ला ओपनिंगला. कॅश कमी भरली की शिफ्टमधल्या सगळ्यांचे सारखे पैसे कापतात. मॅनेजर म्हणतात, लेबर (कामगारांचा खर्च) विक्रीच्या 16 टक्क्यांच्या वर गेलं की वरून फोन येतो. मांडायचं कसं?

हजेरीवही
दादा, आधी नोंदी गोळा करा, तोंडी बोलणं नंतर. दोघांचे मिळून रोज 3 तास गायब होतात. 30 दिवसांत 90 तास. पूर्ण शिफ्टच्या वरचे असतील तर हे ओव्हरटाइमचे तास आहेत आणि त्यांना दुप्पट दर लागतो. बिलिंग मशीनचा डे-एंड रिपोर्ट, शटर लावल्याचा ग्रुपवरचा मेसेज, फ्रीजच्या तापमानाची शेवटची नोंद, या तिन्हींवर वेळ असते. रोजचा फोटो ठेवा. खरी आउटची वेळ रोज मॅनेजरांना लेखी कळवा, एका ओळीत.

कॅशचं म्हणाल तर नुकसान ज्याच्या हलगर्जीपणामुळे झालं त्याच्याच पगारातून कापता येतं, तेही त्याचं म्हणणं ऐकून. एकाच लॉगिनवर तिघे बिलं करत असतील तर तूट कुणाची हे ठरूच शकत नाही. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं मागा आणि शिफ्ट बदलताना ड्रॉवर मोजून दोघांच्या सह्या घ्या.

सगळ्यात गंभीर धोका वेगळाच आहे. पाऊण वाजता कुणी तेलाने भाजलं आणि कागदावर तो 12 लाच बाहेर पडलेला असेल, तर कामावरची दुखापत म्हणून ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) लाभ मिळवताना अडचण येते. सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात उपचार मिळतील, पण अपघात ड्युटीवर झाला हे सिद्ध करत बसावं लागेल. एवढ्यावरही सुधारणा झाली नाही तर कामगार उपायुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या, नोंदींच्या प्रती जोडून.

रोस्टरवाली
मॅनेजर मुद्दाम छळतात असं नाही, त्यांचं गणितच चुकीचं बांधलेलं आहे. 40,000 च्या विक्रीवर 6,400 लेबर म्हणजे 16 टक्के. त्याच ऑर्डर डिलिव्हरी अ‍ॅपवर सवलतीत गेल्या आणि विक्री 32,000 दिसली, तर तेच लेबर 20 टक्के होतं. बोल तितकेच भरले, भांडी तितकीच घासली. गर्दीच्या वेळचा माणूस काढता येत नाही, म्हणून कात्री क्लोजिंगवर चालते. क्लोजिंगचे 5 तास मात्र विक्रीवर अवलंबून नसतात, फ्रायर 50 ऑर्डरला घासा की 150 ला.

मागणी अशी मांडा: क्लोजिंगचे तास टक्क्यातून वेगळे, ठरलेले धरा. तिसरा माणूस साडेनऊला आणा. दीड तासाचं काम 11 च्या आत उरकतं (जादा पॅन, अर्धी भांडी, वेस्टेज), उरलेले साडेतीन तास तिघांत, म्हणजे सव्वाबाराच्या आत शटर. आणि क्लोजिंग करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी ओपनिंग नको, हे रोस्टरच्या पहिल्याच ओळीत लिहून घ्या.

तेलपाणी
एक फ्रायर 10 लाच बंद करा, शेवटचा तास एकावर निघतो. घाईत 170 अंशांचं तेल हाताने पातेल्यात ओतणं हेच भाजण्याचं मुख्य कारण. गाळण्याचं मशीन नसेल तर तेल गार होऊ द्या आणि गाळणं ओपनिंगवर ढकला. तेलातले पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक) 25 टक्क्यांवर गेले की ते टाकायचंच. ते मोजायचा टेस्टर नसला तर मागून घ्या.

गरम_तवा
सकाळी गाळायचं म्हटलं तर डिसेंबरात पामतेल थिजतं ना?

तेलपाणी
थिजतं. मंद आचेवर फक्त पातळ होईपर्यंत तापवा, 50 अंशांच्या आसपास. फ्रायरला मेल्ट मोड असेल तर तोच लावा. थिजलेल्या तेलात कॉइल एकदम फुल्ल केली तर तळाचं तेल करपतं.