आठशेच्या आतली शिराझ: केळीचा वास आला तर मार्क कापायचे का?

सावद्याचा केळीवाला

रामराम मंडळी.

मी सावद्याचा, तालुका रावेर. घरची केळी आहे, जोडीला पिकवायचं चेंबर आहे. वाईनचा नाद लागून चार वर्षं झाली. आम्ही चौघं महिन्यातून एका शनिवारी जमतो: मी, फैजपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे सर, भुसावळचे रेल्वेतून निवृत्त झालेले दादा आणि माझी मावसबहीण. ताई जळगावला बँकेत आहे. नियम एकच, बाटली आठशेच्या वर नको. एवढ्या पैशात चांगलं काय मिळतं हे शोधण्यातच आम्हाला खरा रस आहे.

आम्ही वीसपैकी मार्क देतो. रंगाला ३, वासाला ६, चवीला ८, आणि घोट गिळल्यावर चव किती वेळ टिकते त्याला ३. नाशिककडची एक शिराझ (त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाईन) डिसेंबरात आम्हाला फार आवडली होती, सरासरी १५ पडले होते. गेल्या शनिवारी तीच पुन्हा उघडली. ताईने १२ दिले, सरांनी आणि दादांनी ११, मी ८.

माझं म्हणणं असं. ग्लास नाकाशी नेला आणि पहिलाच वास आला तो पिकलेल्या केळीचा. कच्च्या घडाच्या चिकाचा नव्हे. गॅस सोडल्यावर चौथ्या दिवशी चेंबरचं दार उघडलं की जो गोड वास अंगावर येतो, तो. दादा म्हणाले, "तुझ्या हातालाच तो वास आहे." मी उठून दोनदा हात धुतले, दुसरा ग्लास घेतला, बाहेर अंगणात जाऊन हुंगला. वास वाईनलाच होता. चवही मला बसली नाही. गिळताना घशात जळजळ, जिभेवर जास्त उकळलेल्या जॅमसारखा गोडसर चिकटपणा आणि मागे काहीच नाही.

व्यापारात मी रोज हाच हिशेब करतो. घडात मुळातच दोष आहे, की माल चांगला होता पण गाडीत उन्हाने भाजला, हे वेगळं काढल्याशिवाय मी भाव बोलत नाही. बागवाल्याचा दोष नसेल तर त्याचे पैसे कापणं मला पटत नाही. वाईनमध्ये हे वेगळं कसं काढायचं? दोष बनवणाऱ्याचा, दुकानदाराचा, की आमचा?

गोदाकाठ

भाऊ, मी मूळचा चोपड्याचा, अकरा वर्षं नाशिकजवळ एका वायनरीत सेलरला काम करतो. तुमचं नाक बरोबर आहे.

केळीला जो वास असतो त्यातला मोठा वाटा आयसोअमाइल अॅसिटेट नावाच्या एस्टरचा, म्हणजे फळासारखा वास देणाऱ्या रसायनाचा असतो. रस आंबताना यीस्ट हेच एस्टर तयार करतं. त्यामुळे तरुण वाईनमध्ये तो वास येणं हा दोष नाही. फ्रान्समध्ये बोजोलेला द्राक्षांचे अख्खे घड कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवून आंबवतात, त्या वाईनची तर ती ओळखच आहे. बाटलीत महिने गेले की हा वास विरत जातो. आता एक बघा, डिसेंबरच्या बाटलीवर आणि या बाटलीवर साल एकच होतं का? लेबल तेच असलं तरी साल बदललं की वाईन बदलते. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. त्या तीन महिन्यांत ऊन कसं पडलं, अवकाळी आला का, सगळं बाटलीत उतरतं.

मार्क कापायचे ते या वासांना: नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा (तो इथाइल अॅसिटेट), व्हिनेगरचा, किंवा ओल्या पुठ्ठ्याचा. पुठ्ठ्याचा वास बहुतेक वेळा कॉर्कमधून येतो, फिरकीच्या झाकणाला तो क्वचित सापडतो. सडक्या अंड्याचा वास आला तर लगेच ओतून देऊ नका. ग्लास हलवून दहा मिनिटं ठेवा, पुष्कळदा निघून जातो.

आणि जळजळीचं. किती अंशावर प्यायलात? रेड "रूम टेंपरेचर"ला प्यावी असं सगळे सांगतात, पण ती रूम युरोपातल्या जुन्या दगडी घरातली, मे महिन्यातल्या सावद्यातली नव्हे. १५ ते १८ अंश धरा. तिशीच्या पुढे अल्कोहोल नाकात चढतं, आंबटपणा बसतो आणि फळाची चव जॅमसारखी लागते. अहो, तुम्ही चेंबर कितीवर ठेवता? १६ ते १८ ना? तोच रेडचा अंश. बाटली आदल्या रात्री चेंबरमध्ये ठेवा. फक्त ओतायला बाहेर आणा, आतल्या वासात कोणाचंच नाक काम करणार नाही.

धुळ्याची सुगरण

केळीवाले भाऊ, सोबत खायला काय होतं ते तुम्ही लिहिलंच नाही. आमच्याकडे एकदा शेवभाजी आणि शिराझ एकत्र मांडली होती. काळ्या मसाल्याच्या तिखटाने अल्कोहोलची आग दुप्पट झाली आणि वाईनचा तुरटपणा हिरडा चावल्यासारखा लागायला लागला. तेव्हापासून मार्क देईपर्यंत साधा पाव आणि पाणी, बाकी काही नाही. वह्या मिटल्या की मग जेवण. त्यातही तिखट बेताचं आणि तेल-तूप सढळ. कळण्याच्या भाकरीबरोबर लोणी आणि कमी मिरचीचं भरीत करते मी, वांग्याचा तो भाजका धुरकट वास शिराझला फार छान धरतो.

दुसरं, बाटल्या कागदात गुंडाळून ओता. २००८ साली अमेरिकेत वीस जणांना एकच वाईन एकदा ५ डॉलरची आणि एकदा ४५ डॉलरची म्हणून दिली होती. महाग म्हटलेली जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही आनंदाचा भाग जास्त उजळला. म्हणजे माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांना खरंच तशी लागली. तुमच्या मनात डिसेंबरचे १५ बसले होते, ते कुठेतरी आड आलेच असणार.

आणि काळ्या मिरीचा वास कोणाला आला? शिराझचा तो खास वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा, मिरीतही तेच असतं. साधारण पाचातल्या एका माणसाला तो कितीही दिला तरी येत नाही. चौघांत एखादा तसा असेल तर त्याच्याशी वासावरून वाद घालू नका, ते त्याच्या हातात नाही.

तापीकाठ_शहादा

हाई भारी शे भाऊ. आमच्यासारखं ज्यांच्याकडे चेंबर नाही, त्यांच्यासाठी लिहितो. बाटलीला ओला पंचा गुंडाळून कूलरसमोर ठेवायची, पंचा सुकू द्यायचा नाही. मेमध्ये हवा कोरडी असते म्हणून तासाभरात चांगली उतरते, नंतर दहा मिनिटं फ्रीज. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही, तेव्हा सरळ फ्रीजमध्ये ठेवायची.

सावद्याचा केळीवाला

तिघांचे मनापासून आभार. काल रात्री सगळं करून पाहिलं, सविस्तर लिहितो.

आधी सालाचं. डिसेंबरच्या बाटलीचं लेबल ताईने वहीत चिकटवून ठेवलं होतं. त्यावरचं साल एक वर्ष जुनं निघालं. म्हणजे आम्ही दोन वेगळ्या वाईनची तुलना करत होतो. ही चूक आम्ही आधी पकडायला हवी होती. मी मृगबाग आणि कांदेबागचा (केळी लागवडीचे दोन वेगळे हंगाम) माल एका ढिगात कधी टाकत नाही.

मग तीन बाटल्या जमवल्या. दोन याच शिराझच्या, याच सालाच्या, तिसरी अकलूजकडची सांजोवेझे, म्हणजे दुसऱ्या द्राक्षाची रेड. शिराझची एक दादांनी नाशिकहून स्वतः आणली, दुसरी शहरातल्या एका दुकानाच्या दर्शनी काचेतून घेतली. त्या काचेवर दुपारभर पश्चिमेचं ऊन असतं. तिन्ही रात्रभर चेंबरमध्ये, १७ अंशांवर. ताईच्या मुलाने आतल्या खोलीत त्या वर्तमानपत्रात गुंडाळून क, ख, ग अशी अक्षरं घातली. खोलीत एसी लावला, सोबत पाव आणि पाणी. सरांनी त्यांचं थर्मामीटर आणलं होतं. ओतल्यावर अर्ध्या तासात ग्लासातली वाईन २२ अंशांवर गेली, म्हणून थोडी थोडीच ओतत राहिलो.

"क" ने मला पहिल्याच घोटाला गप्प केलं. केळी होती, पण मागे, आणि तिच्यापुढे जांभूळ. जांभूळ खाल्ल्यावर दाताला जो तुरटपणा राहतो तसाच, पण त्रास न देणारा. शेवटी मिरी. इतक्या वर्षांत मिरी मला पहिल्यांदा स्पष्ट आली. जळजळ जवळजवळ नाही. मी १३ दिले. दादांना मिरी आलीच नाही, सरांनी ग्लास बदलून दिला तरी नाही. आता त्यांच्या वासाच्या मार्कांवरून आम्ही वाद घालणार नाही.

"ख" तितकीच थंड, पण मेलेली. वास उकळलेल्या मनुकांचा, रंगाच्या कडेला विटकरी झाक, घोट गिळला की संपलं. मी ८, बाकीच्यांचेही ९ च्या पुढे गेले नाहीत. "ग" ला मी १२ दिले. तिचा आंबटपणा चिंचेसारखा चटकदार होता, ताईला तर तीच सगळ्यात आवडली.

कागद काढले. क आणि ख एकच शिराझ, एकच साल. ख ही काचेतली.

मला हवं होतं ते उत्तर इथे मिळालं. आमच्या खोलीतल्या उन्हाळ्याने जे बिघडलं होतं ते चेंबरने परत आणलं. दुकानातल्या उन्हाने जे बिघडलं ते १७ अंशांवर ठेवूनही परत आलं नाही. भाजलेला घड मी चेंबरमध्ये घातला तर पिवळा होतो, पण त्याला गोडी येत नाही. बनवणाऱ्याचे मार्क आता "क" वरूनच धरायचे असं ठरवलं आणि मागच्या शनिवारचे माझे ८ वहीत खोडून शेजारी कारण लिहिलं.

गोदाकाठ भाऊ, एक राहिलं. दादा जूनमध्ये पुन्हा नाशिकला जाणार आहेत, रेल्वेने. थर्माकोलच्या पेटीत सहा बाटल्या आणायच्या म्हणतात. सोबत बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात, की एकदम थंड होऊन पुन्हा तापण्यापेक्षा नुसती पेटीच बरी?

गोदाकाठ

नुसती पेटी पुरे. बाटल्यांमध्ये कागद कोंबा, पेटी सीटखाली ठेवा, आणि दादांना रात्रीची गाडी पकडायला सांगा.