घरात कोणी नाही आणि कूलर सुरू: नागपूरकरांनो, हे बरोबर आहे का?

नवतपाग्रस्त (धागाकर्ता)

आमच्या अपार्टमेंटमध्ये सध्या यावरून दोन पार्ट्या पडल्या आहेत. दुसऱ्या मजल्यावरचे नवराबायको दोघंही नोकरीला. सकाळी दहाला निघतात, सहाला येतात, आणि कूलर दिवसभर सुरूच. संध्याकाळी आल्यावर घरात पाय ठेववत नाही, हे त्यांचं कारण. तिसऱ्या मजल्यावरचे काका नेमके उलट. भाजी आणायला बर्डीवर गेले तरी मेन स्विच पाडून जातात.

मी दोघांच्याही बाजूने नाही, पण कूलरच्या बाबतीत काकांच्या जवळचा आहे. मोठ्या पत्र्याच्या कूलरची मोटर आणि टुल्लू (ताट्यांवर पाणी चढवणारा छोटा पंप) मिळून 200 वॅट धरा. आठ तासांचे 1.6 युनिट, महिन्याचे 48. शंभर युनिटच्या वरच्या टप्प्यात सगळे आकार मिळून युनिटला 12 रुपये धरले तर पावणेसहाशे रुपये झाले, रिकाम्या सोफ्याला हवा घालायचे.

पैसे जाऊ द्या. मे महिन्याच्या कोरड्या हवेत 60-70 लिटरचा टब दुपार ओलांडेपर्यंत तळाला लागतो. टुल्लू पाण्यात बुडून राहील या हिशेबाने बनवलेला असतो, ते पाणीच त्याला थंड ठेवतं. पाणी संपलं की तो कोरडा फिरतो, तापतो, वाइंडिंग जळतं. आणि त्याच्या आजूबाजूला काय, तर कडकडीत वाळलेल्या ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूच्या वुडवूलच्या जाळ्या. वुडवूल म्हणजे शेवटी लाकडाचा कीसच. घरात माणूस असला तर वास येतो, उठून बंद करतो. नसला तर?

माझं म्हणणं एवढंच: फ्रिज सोडून, पाणी, मोटर किंवा हीटर असलेलं काहीही रिकाम्या घरात सुरू नको. पटत नसेल तर बोला.

वरचा_मजला_प्रतापनगर

पटत नाही. तुमचं घर मधल्या मजल्यावर असणार. आमच्या डोक्यावर थेट स्लॅब आहे. मे 2013 मध्ये आपल्या गावाने 47.9 पाहिलंय, आणि दरवर्षी 45 च्या आसपास तर ठरलेलेच. दिवसभर बंद घर ठेवलं की रात्री अकरापर्यंत भिंतीतून झळा येतात. मग तोच कूलर रात्रभर फुलवर चालवायचा. त्यापेक्षा दिवसा लोवर चालू ठेवला तर काय बिघडलं?

आणि "रिकामं घर" कोणाचं? आमच्याकडे दोन मांजरी आहेत. शेजारी एक आजी एकट्या असतात, मुलगा बुटीबोरीला कामाला. त्यांनी काय करायचं?

नवतपाग्रस्त

आजी घरात आहेत म्हणजे घर रिकामं नाही, तो मुद्दाच वेगळा. मांजरींसाठी एक खोली निवडा, पाण्याची वाटी ठेवा, प्लास्टिक बॉडीचा छोटा कूलर लावा आणि दुपारी कोणाला तरी डोकवायला सांगा. तिथे माझा विरोध नाही.

पण "लोवर चालू ठेवला की रात्री कमी लागतो" हे चुकीचं आहे. कूलर गारवा साठवत नाही. बाहेरची हवा ओल्या ताटीतून ओढायची, पाण्याची वाफ होताना ती थंड होते, खोलीतून फिरून खिडकीतून निघून जाते. बंद केला की थोड्या वेळात खेळ संपला. भिंती थोड्याफार निवतात, नाही म्हणत नाही, पण त्यासाठी आठ तास? एसीवाल्यांचंही तेच. घर जितकं थंड ठेवाल तितकी बाहेरची उष्णता जोराने आत शिरते, म्हणून दिवसभर चालू ठेवणं कधीच स्वस्त पडत नाही. स्लॅबवर पांढरा चुना किंवा हिरवी नेट लावा, तो पैसा सत्कारणी लागेल.

मानेवाड्याचा_भाऊ

मी तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकाच्याच पार्टीत हावो. काहून बा रिस्क घ्यायची? टीव्हीचा प्लग काढा, चार्जर काढा, मिक्सर काढा, सगळं बंद. ते लाल लाईट लागून राहते नं, ते बी बिल खाते. आमच्या घरी बायको वैतागते, पण मी झोपताना सगळे बटन पाहूनच झोपतो. आन् 300 च्या वर एक जरी युनिट गेलं नं भाऊ, तर पूर्ण बिल मोठ्या रेटनं लागते.

आकडेमोड

भाऊ, शेवटची गोष्ट आधी खोडतो, कारण ती सगळ्या नागपुरात फिरते. पूर्ण बिल मोठ्या दराने लागत नाही. 0-100, 101-300, 301-500 असे टप्पे आहेत आणि ज्या टप्प्यात जेवढे युनिट तेवढ्यांनाच तो दर. 301 वं युनिट महाग, पहिले 300 जुन्याच भावात. बिलाच्या मागच्या बाजूला पाहून घ्या.

आता लाल लाईट. आजकालचा टीव्ही स्टँडबायला अर्धा वॅट खातो. महिनाभर चोवीस तास लावून ठेवला तरी 0.36 युनिट, चार-साडेचार रुपये. नुसता लटकलेला चार्जर त्याहूनही कमी. खरा चोर सेट-टॉप बॉक्स आहे. कित्येक बॉक्स टीव्ही बंद असतानाही 10 वॅट घेतात. 7.2 युनिट महिन्याला, म्हणजे 86 रुपये. तेवढं एक बटण बंद करा आणि वहिनींना सुखाने झोपू द्या.

गीझरचं मात्र ऐका. 15 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते, 2 किलोवॅटच्या गीझरला पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. तरी डिसेंबर-जानेवारीत लोक सकाळी सहाला लावतात आणि बारापर्यंत विसरतात. थर्मोस्टॅट आहे म्हणून फुटत नाही, पण पाणी निवतं, परत तापतं, आणि मीटर फिरत राहतो.

वायरमन_नंदनवन

तुम्ही सगळे वॅट मोजून राहिले. मी 22 वर्षांपासून घरोघरी बोर्ड उघडतो, मला जे दिसते ते सांगतो.

आग उपकरणातून कमी, प्लगमधून जास्त लागते. सॉकेट ढिला झाला की तिथे नीट टेकत नाही, ठिणग्या पडतात, प्लग तापतो, प्लास्टिक काळं पडते. करंट तेवढाच असते म्हणून एमसीबी पडत नाही. लोकांना वाटते एमसीबी आहे म्हणजे सगळं सेफ. एमसीबी जास्त लोड आणि शॉर्टसर्किटसाठी आहे, ढिल्या सॉकेटसाठी नाही. एसीला दीड एमएमची वायर दिलेली घरं मी पाहिली, आणि कूलरच्या दोन नागड्या वायरी माचिसच्या काडीने सॉकेटमध्ये खोचलेल्या तर दरवर्षी पाहतो. एका एक्स्टेंशन बोर्डवर कूलर, फ्रिज, इस्त्री. असं असेल तर घरी असा की नसा, बंद करा.

दुसरी गोष्ट, उन्हाळ्यात लाईन जाते-येते. कधी डीपीवर न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तुटते. मग 230 च्या जागी एखाद्या घरात साडेतीनशेच्या वर व्होल्टेज येते आणि जे जे सुरू आहे ते ते उडते. घरी माणूस असला तर बल्ब लखलखताना पाहून मेन पाडते. म्हणून गावाला जाताना फ्रिज रिकामा करून मेन पाडायचं सांगतो मी. दोन तासासाठी भाजीला जाताना नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे रॉड. बादलीत रॉड टाकून बाहेर जाणाऱ्याला मी काही समजावत नाही. पाणी उकळून खाली गेलं की रॉड उघडा पडते, बादली वितळते. एवढं माहीत असून जे करतात त्यांना नमस्कार.

इतवारीतला_भाडेकरू

दादा, तुमचं सगळं मान्य. पण धाग्याच्या मूळ मुद्द्यालाच माझा आक्षेप आहे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पेपर उघडा. ती रिकाम्या घरात जातात का? नाही. घरी असलेली बाई कूलर सुरू असतानाच पाइपने टब भरते, अंगणात पाणी सांडलेलं, पायात चप्पल नाही, पत्र्याला हात लागतो. लहान मूल खेळता खेळता चिकटतं. म्हणजे जीव घेणारा कूलर हा माणसं घरात असतानाचा आहे, आणि इथे चर्चा चालली आहे बाहेर जाताना बटण बंद केलं की नाही याची!

"जाताना बंद करा" हे सांगायला सोपं, कारण त्याला पैसे लागत नाहीत आणि दोष वापरणाऱ्यावर ढकलता येतो. माझ्या खोलीत तीन पिनचा सॉकेट आहे, पण मागे अर्थिंगची वायरच नाही. तिसरं भोक नुसतं शोभेला. घरमालकाला तीनदा बोललो. "इतकी वर्षं काही झालं नाही" हे उत्तर.

नवतपाग्रस्त

शॉकचा मुद्दा शंभर टक्के खरा, पण त्याने आगीचा मुद्दा खोटा ठरत नाही. इतवारी-महालात घराला घर चिकटून, गल्ली एवढी अरुंद की बंब आत यायचा नाही. रिकाम्या घरात लागलेली आग शेजाऱ्याच्या घरात पोहोचेपर्यंत कोणाला कळत नाही. मी घरमालकाची बाजू घेत नाही. पण अर्थिंग होईपर्यंत तरी बटण तुमच्या हातात आहे ना?

इतवारीतला_भाडेकरू

बटणही एका बाजूचीच वायर तोडतं. चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असलं तर कूलर बंद दिसतो आणि आत फेज, म्हणजे करंटची वायर, जिवंत असतो. म्हणून टब भरताना, ताट्या बदलताना बटण नाही, प्लग काढा. हे कोणी लिहिलंच नाही अजून.

वायरमन_नंदनवन

बरोबर बोलले. जुन्या वायरिंगमध्ये सापडते असं.

हिंगणा_रोड

एक प्रश्न मध्येच. आमच्याकडे स्मार्ट मीटर लागला. सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या युनिटला सवलत आहे म्हणतात. म्हणजे वॉशिंग मशीन त्या वेळेत लावायची, आणि त्या वेळेत तर आम्ही दोघंही कंपनीत. टायमर लावून जाऊ की नको?

आकडेमोड

एका धुण्याला अर्ध्या युनिटहूनही कमी, गरम पाण्याचा प्रोग्रॅम सोडून. सवलत युनिटमागे रुपयाच्या आत. महिनाभर रोज लावली तरी फार तर दहा-बारा रुपये वाचतील. इनलेटचा पाइप निसटला तर खालच्यांचं पीओपी भरून द्याल. रविवारी दुपारी लावा.

वरचा_मजला_प्रतापनगर

माझं मत अजून बदललेलं नाही, पण आज कूलरचा प्लग काढून पाहिला. एक पिन काळी पडली आहे. नुसता प्लग बदलला तर चालेल का?

वायरमन_नंदनवन

नाही. प्लग काळा म्हणजे सॉकेटही गेलेला. दोन्ही बदला, 16 अँपिअरचं घ्या. वायर कडक झाली असेल तर तेवढा तुकडा कापून नवीन तोंड काढायला सांगा. आणि आलेल्या माणसाकडून अर्थिंग तपासून घ्या, आम्ही फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प लावून पाहतो. हे स्वतः करू नका.

सोबत 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. पत्र्यात करंट उतरला आणि कोणाच्या अंगातून जायला लागला की तो सेकंदाच्या आत लाईन तोडते, अर्थिंग कच्ची असली तरी. दोन-अडीच हजाराचं काम. महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्टचं बटन दाबायचं.

इतवारीतला_भाडेकरू

हे दोन-अडीच हजार भाड्यातून कापून घ्यावे असं म्हणतोय. मालकाशी बोलताना सोबत येणार का दादा? माझं ऐकत नाही, वायरमनचं ऐकेल.

वायरमन_नंदनवन

रविवारी सकाळी येतो. पण बोर्ड उघडून दाखवीन, भाड्याचं तुम्ही बोला.