मदत हवी आहे: घरचा संगणक बदलायचा आहे. कमी खर्चात कोणता घ्यावा आणि विंडोज सोडावे का?

नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. घरचा डेस्कटॉप आता बदलावाच लागणार आहे आणि त्या निमित्ताने ऑपरेटिंग सिस्टीमही बदलावी का, असा विचार चालू आहे. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असल्यामुळे दोन्ही एकत्रच मांडतो.

सध्याच्या संगणकात इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. त्यावर विंडोज १० आहे. तिला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा मोफत आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि नावनोंदणी केली तरी घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ती येथे अधिकृतपणे बसत नाही. एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) घालून व रॅम वाढवून याच यंत्रावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम चालवता येईल, हे मला ठाऊक आहे. परंतु खाऱ्या हवेने मदरबोर्डवरील जोडण्या हिरव्या पडल्या आहेत, पावसाळ्यात रॅम काढून, खोडरबराने पुसून पुन्हा बसवावी लागते, म्हणून त्यात आणखी पैसे घालण्याची इच्छा नाही.

घरातली कामे मोजकी आहेत. हंगामात हापूसच्या पेट्यांचा हिशेब व ग्राहकांचे पत्ते एक्सेलमध्ये असतात, पर्यटकांना देतो त्या दोन खोल्यांचे आरक्षण ब्राउझरवरून होते, आणि मुलीने कनिष्ठ महाविद्यालयात माहिती तंत्रज्ञान हा विषय घेतला आहे. तिच्या अभ्यासातील एचटीएमएल, जावास्क्रिप्ट आणि पीएचपी यांपैकी काहीही विंडोजवाचून अडत नाही. अडते ते माझ्याकडच्या दोन गोष्टींपाशी.

पहिली गोष्ट म्हणजे गावातील वाचनालयाचे दप्तर. अनेक वर्षांची इतिवृत्ते व अहवाल युनिकोडपूर्व (म्हणजे आजची प्रमाणित अक्षरसंकेत पद्धत येण्याआधीच्या) काळातील फॉन्टमध्ये टंकलिखित आहेत, म्हणजे फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन चिन्हे साठवलेली असून फॉन्टमुळेच ती देवनागरी दिसतात; फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच ठराव उघडला तर अर्थहीन अक्षरांचा गुंता समोर येतो. दुसरी गोष्ट म्हणजे कॅननचा एलबीपी २९०० हा लेझर प्रिंटर. तो जुना असला तरी उत्तम चालतो, आणि केवळ ऑपरेटिंग सिस्टीम बदलली म्हणून चालता प्रिंटर अडगळीत टाकणे मला पटत नाही.

मर्यादा २५ हजार रुपयांची आहे आणि मॉनिटर जुनाच वापरायचा आहे. त्याला फक्त व्हीजीए ही जुन्या पद्धतीची जोडणी आहे. माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. एक म्हणजे कार्यालयांतून निघालेला, आठव्या पिढीचा आय-५ असलेला रिफर्बिश्ड (वापरलेला, तपासून पुन्हा विकला जाणारा) डेस्कटॉप. दुसरा म्हणजे इंटेल एन१०० प्रोसेसरचा छोटा मिनी पीसी. आय-५ ८५०० मध्ये सहा गाभे (कोअर) आहेत व त्याचे टीडीपी, म्हणजे वीजवापराचा ढोबळ आकडा, ६५ वॅट आहे. एन१०० मध्ये चार गाभे आणि टीडीपी केवळ ६ वॅट. आमच्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते, त्यामुळे इन्व्हर्टरवर जो अधिक वेळ तग धरेल त्याकडे मन ओढते. मात्र मिनी पीसी बिघडला तर येथे तो दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न उरतोच, तर डेस्कटॉपचे बहुतेक भाग चिपळूण किंवा रत्नागिरीला मिळू शकतात.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणून लिनक्सचाच एक प्रकार असलेली लिनक्स मिंट २२ डोळ्यासमोर आहे, कारण तिला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत आणि तिची मांडणी घरातल्यांना परकी वाटणार नाही. विंडोज ११ होम प्रथम सुरू करतानाच इंटरनेट व मायक्रोसॉफ्टचे खाते मागते, आणि जेथे एक झाड पडले की इंटरनेट दोन-दोन दिवस येत नाही तेथे ही अट मला जाचक वाटते. तरीही वरील दोन अडचणींवर मिंटमध्ये मार्ग आहे का, आणि नसल्यास दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर ठेवाव्यात का, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपल्या गरजा पाहता मी रिफर्बिश्ड डेस्कटॉप सुचवेन, आणि त्याचे कारण वेग हे नाही. कार्यालयांसाठी विकल्या गेलेल्या आठव्या पिढीच्या बहुतेक यंत्रांत विंडोज १० प्रोचा परवाना मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (त्यात कायम भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) असतो आणि त्याच परवान्यावर विंडोज ११ प्रो सक्रिय होते. म्हणजे वेगळे पैसे न मोजता विंडोज हाताशी राहते आणि रोजच्या कामासाठी त्याच एसएसडीवर मिंट बसवता येते. विकत घेण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये सक्रियता अवश्य तपासावी, कारण काही विक्रेते भलतीच आवृत्ती भरून देतात. रॅम १६ जीबी घेता आली तर उत्तम, परंतु ८ जीबीहून कमी नको. विंडोज आधी आणि मिंट नंतर बसवावे, उलट क्रमाने केल्यास सुरुवातीचा निवडफलक पुन्हा उभा करावा लागतो.

आपला प्रिंटर नेहमीच्या मुद्रणभाषा न वापरता कॅप्ट ही कॅननची स्वतःची भाषा वापरतो. लिनक्ससाठी कंपनीचा जुना ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) आहे, परंतु नव्या आवृत्त्यांवर तो बसवताना बरीच खटपट करावी लागते. मी आपल्या जागी असतो तर मिंटमधून पीडीएफ करून ठेवले असते आणि छपाईपुरते विंडोज सुरू केले असते. पुढे कधी प्रिंटर घेण्याची वेळ आली, तर एचपीचे बरेच प्रिंटर लिनक्सवर सहज चालतात, हे ध्यानात असू द्यावे.

जुन्या फाइलींची फार धास्ती बाळगू नये. विंडोजमधील फॉन्टच्या टीटीएफ फाइली मिंटमध्ये बसवले की लिब्रेऑफिसमध्ये मजकूर वाचता येतो. त्याच फॉन्टमध्ये नवे टंकन करणे मात्र अवघड, कारण त्याचा कळफलक विंडोजच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. नवे लेखन युनिकोडमध्येच करावे. मराठी इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीचा प्रमाणित) कळफलक मिंटमध्ये आधीपासून असतो आणि उच्चारानुसार टंकन करायचे असेल तर आयबस व एम१७एन ही टंकनाच्या सॉफ्टवेअरची जोडी बसवावी. जुनी इतिवृत्ते, जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढल्यावर जोडाक्षरे आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावेत, कारण तेथेच गफलत होते.

प्रतिसाद २

मी वेंगुर्ल्याहून लिहीत आहे. यंत्र कोणतेही घ्या, पण आधी अर्थिंग तपासून घ्या. जांभ्याच्या कातळावर खड्डा खोल जात नाही आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग नावापुरतेच राहते. प्लेटभोवती कोळसा व मीठ घालून अधूनमधून पाणी सोडावे लागते. इंटरनेटच्या फायबरच्या काचेतून विजेचा धक्का येत नाही, तरी राउटरच्या ॲडाप्टरमधून येऊ शकतो, म्हणून गडगडाट सुरू होताच संगणक, मॉनिटर आणि राउटर या तिन्हींचे प्लग काढावेत. पावसाळ्यात काम नसले तरी संगणक रोज थोडा वेळ चालू ठेवावा, आतील उबेने ओल धरत नाही. आणखी एक सांगतो. रिफर्बिश्ड यंत्रांपैकी अनेकांवर मॉनिटरसाठी केवळ डिस्प्लेपोर्ट ही नव्या पद्धतीची जोडणी असते, त्यामुळे आपल्या मॉनिटरसाठी व्हीजीएचा कन्व्हर्टर त्याच दुकानात जोडून, चित्र पाहूनच पैसे द्यावेत.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. परवान्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, त्यामुळे आता डेस्कटॉपच घेण्याचे ठरवत आहे आणि दुकानात जाताना मिंटचा पेनड्राइव्ह बरोबर नेऊन वाय-फाय, आवाज व कन्व्हर्टर तेथेच तपासून पाहीन. वायरमनलाही निरोप दिला आहे. एकच शंका राहते. प्रत्येक छपाईसाठी संगणक बंद करून विंडोजमध्ये जाण्याऐवजी मिंटमध्येच व्हर्च्युअलबॉक्स (एका प्रणालीच्या आत दुसरी चालवणारे सॉफ्टवेअर) बसवून, त्यातील विंडोजला यूएसबीवरून हा प्रिंटर जोडून देता येतो, असे वाचनात आले. वाचनालयाच्या पावत्या दिवसातून अनेकदा काढाव्या लागतात, म्हणून हा मार्ग सोयीचा वाटतो. मात्र त्यासाठी विंडोजचा वेगळा परवाना लागेल का आणि १६ जीबी रॅम पुरेल का, हे ज्यांनी तसे करून पाहिले असेल त्यांनी कृपया लिहावे.