डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवरचं मराठी साहस विकायचंय: परवाना, चित्रं, छपाई

फासे_दादर:
डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रं वठवत खेळायच्या खेळासाठी कोकणातल्या वाडीत घडणारं तीन बैठकांचं साहस (म्हणजे खेळायचं कथानक) मराठीत लिहून तयार आहे. ४८ पानं, नियम पाचव्या आवृत्तीचे. वेताळ, हडळ, गिऱ्हा यांचे ताकदीचे वगैरे खेळातले आकडे स्वतः बसवलेत. शेवटच्या गुहेत एक बीहोल्डर (मूळ खेळातला राक्षस) आहे. पीडीएफ आणि १०० छापील प्रती विकायच्यात. खेळाची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट, तिची परवानगी लागते का? ११ चित्रांचे पैसे चित्रकाराला दिलेत, लिहून काहीच घेतलेलं नाही.

गिरगावकर:
परवानगी मागावी लागत नाही, पण श्रेय द्यावंच लागतं. जानेवारी २०२३ मध्ये नव्या ओजीएलचा (इतरांना खेळाचे नियम वापरू देणारा कंपनीचा परवाना) मसुदा फुटला. त्यात साडेसात लाख डॉलरच्या वरच्या विक्रीवर २५ टक्क्यांपर्यंत वाटा मागितला होता. लोक खवळले, आणि २७ जानेवारीला कंपनीने एसआरडी ५.१ (पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांची पीडीएफ) सीसी-बाय ४.० (श्रेय देऊन कुणीही वापरावं असा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना) खाली खुलं केलं. हा परवाना दिल्यावर मागे घेता येत नाही. धंद्यासाठी वापर चालतो, भाषांतरही चालतं, आणि तुमचा मजकूर खुला करायचं बंधन नाही.

एसआरडीच्या सुरुवातीला श्रेयाचा इंग्रजी परिच्छेद आहे. तो शब्दशः छापा, आणि भाषांतर व बदल केल्याचं खाली मराठीत लिहा. 'विझार्ड्सचे आभार' वगैरे पदरचं काही घालू नका, त्याला तिथेच मनाई आहे. मुखपृष्ठावर 'पाचव्या आवृत्तीशी सुसंगत' चालतं. मूळ खेळाचं नाव ठळक छापणं किंवा लोगो लावणं हा ट्रेडमार्कचा प्रश्न होतो.

बीहोल्डर काढा. सगळे इथेच अडकतात: विकत घेतलेलं राक्षसांचं पुस्तक म्हणजे एसआरडी नव्हे. बीहोल्डर, माइंड फ्लेअर यांचे आकडे एसआरडीत नाहीत. एकेक राक्षस त्या पीडीएफमध्ये शोधून बघा. वेताळ, हडळ कुणाच्या मालकीचे नाहीत, पण एखाद्या लोककथासंग्रहातली वाक्यं जशीच्या तशी उचलू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं ती संरक्षित असतात.

कलम_एकोणीस:
चित्रांचं आधी मिटवा. पैसे दिले म्हणून हक्क आपोआप तुमच्याकडे येतीलच असं नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९: हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे परदेशी साइटवर पीडीएफ चढवली की तुम्ही कराराबाहेर. शिवाय मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, वेगळं लिहिलं असेल तरच टिकतो. नुसता वापराचा परवाना घेतलात तरी कलम ३०अ मुळे हेच नियम.

एक पान पुरतं: चित्रांची यादी, छापील व डिजिटल दोन्ही वापर, 'संपूर्ण जग', 'कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी', 'वर्षभरात न वापरल्यास हक्क संपणार नाहीत', दिलेली रक्कम, सही, तारीख. चित्रकाराचं नाव मात्र छापाच. कलम ५७ चा तो हक्क हस्तांतरणानंतरही त्याच्याकडेच राहतो, आणि राहायलाच हवा.

फॉर्मा_सोळा:
डेमी आकारात ४८ पानं म्हणजे १६ पानांचे तीन फॉर्मे (एकत्र छापून घडी घातलेले कागद). १०० प्रतींसाठी ऑफसेटच्या प्लेट परवडत नाहीत, डिजिटल छापून सेंटर पिन मारा. पानं चारच्या पटीत ठेवा, चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग), आणि मजकूर एकाच काळ्या शाईत. चार रंगांचा काळा झाला की बारीक मात्रा, रफार पुसट येतात. मजकूर श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा. नाहीतर पीडीएफमध्ये 'हडळ' शोधून सापडत नाही, आणि खेळ चालवणाऱ्याला भर बैठकीत पानं उलटत बसावं लागतं. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा मुक्ता फॉन्ट खुल्या परवान्याचा आहे, बिनधास्त वापरा.

विक्रीचं म्हणाल तर ५ डॉलरच्या पीडीएफवर ड्राइव्हथ्रूआरपीजी ही अशा खेळांची विक्री-साइट ६५ टक्के देते, म्हणजे ३.२५, फक्त तिथेच विकलं तर ७० टक्के. इच डॉट आयओ या दुसऱ्या विक्री-साइटवर त्यांचा वाटा तुम्ही ठरवता, मुळात १० टक्के असतो. पेमेंटचं शुल्क वेगळं. डीएम्स गिल्ड या विझार्ड्सशी जोडलेल्या साइटवर निम्मेच मिळतात आणि तिथलं साहस दुसरीकडे विकता येत नाही, त्यामुळे तुमच्या वाडीसाठी ते नकोच. इचवर पैसे काढण्याआधी कराचा फॉर्म येतो, त्यात पॅन भरा. भारत-अमेरिका कर-करारानुसार रॉयल्टीवरची अमेरिकी कपात ३० वरून १५ टक्क्यांवर येते.

फासे_दादर:
बीहोल्डर काढतो, गुहेत खवीस बसवतो. दोन-तीन मंत्र मात्र नव्या एसआरडी ५.२ मधून घेतलेत. चालेल?

गिरगावकर:
चालेल. एसआरडी ५.२ सुद्धा २०२५ मध्ये सीसी-बाय ४.० खालीच आलं. त्याचा श्रेय-परिच्छेद वेगळा आहे, म्हणून दोन्ही छापा.