दुपारी एसी रुसतो, रात्री नीट चालतो. गॅस भरायचा का?

सेक्टर_वीसची_सून, नेरूळ
नमस्कार मंडळी. आमचा दीड टनाचा साधा स्प्लिट एसी आहे, इन्व्हर्टर नाही, २०१५ साली घेतलेला. पंधरा दिवस झाले, दुपारी लावला की वीस-पंचवीस मिनिटं छान गार करतो आणि मग नुसता पंखा फिरतो. रिमोटवर २४, भिंतीवरच्या घड्याळात ३१ अंश. पाऊण तासाने आपला आपण परत सुरू. मी मध्ये चार-पाच वेळा बंद-चालू करून बघते, काही उपयोग नाही. रात्री अकराला लावला तर सकाळपर्यंत तक्रार नाही. सासूबाई म्हणतात, "त्यालाही ऊन लागतं गं."

एक मेकॅनिक आला, आउटडोअरला हातही न लावता "गॅस कमी झालाय, साडेतीन हजार" म्हणाला. दुसरा म्हणतो ओव्हरलोड गेलाय, तीनशे रुपयांत डायरेक्ट करून देतो. डायरेक्ट म्हणजे नक्की काय करणार हा?

फिल्टर_धुवा
काही बिघडलेलं नाही. सेट केलेलं तापमान आलं की कॉम्प्रेसर बंद होतोच. २४ च्या ऐवजी १८ लावा.

कळव्याचे_काका
वरच्या भावाचं ऐकू नका. खोलीत ३१ असताना २४ ला थर्मोस्टॅट कशाला तोडेल? सेन्सर खोटं सांगत असेल तर तोडेलही, पण मग रात्रीही त्रास झाला असता. सासूबाईंचं निदान त्या दोघा मेकॅनिकांपेक्षा बरं आहे.

माझी हयात यात गेली. आधी ठाणे-बेलापूर रोडवर एका कारखान्यात चिलर सांभाळले, आता घरगुती कामं करतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुढच्या वेळी गार हवा बंद झाली की गॅलरीत जाऊन आउटडोअरपाशी कान द्या. आउटडोअरचा पंखा आणि कॉम्प्रेसर दोन्ही गप्प असतील, तर आतल्या पीसीबीने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्डाने, रिले (आउटडोअरला सप्लाय देणारा स्विच) सोडलाय. म्हणजे थर्मोस्टॅट, सेन्सर किंवा कार्डाचा मामला. पण पंखा फिरतोय आणि कॉम्प्रेसरची घरघर नाही, तर बहुतेक ओव्हरलोड उडालाय. तो फक्त कॉम्प्रेसरच्या वायरीत असतो, पंख्याच्या नाही.

हा ओव्हरलोड म्हणजे रुपयाएवढी डबी, कॉम्प्रेसरच्या टर्मिनलवरच्या टोपणाखाली अंगाला चिकटवलेली. काही मॉडेलांत आतच असते. तिच्यात दोन धातूंची जोडलेली चकती. करंट जास्त गेला किंवा कॉम्प्रेसरचं अंग फार तापलं, की चकती टक्कन उलटी वळते आणि सप्लाय तुटतो. लोखंडाचा तो गोळा निवायला वेळ लागतो, म्हणून तुमचा पाऊण तास. तीन मिनिटांत परत चालू होणारा एसी वेगळा, तो नेहमीचा डिले.

त्या तीन मिनिटांचंही सांगतो, कारण तुम्ही रिमोटशी झटापट करताय. कॉम्प्रेसर थांबला की एका बाजूला गॅसचा दाब जास्त असतो, दुसरीकडे कमी. कॅपिलरीतून, म्हणजे मधल्या बारीक नळीतून, तो सारखा व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. त्याआधी चालू केलं तर मोटर दाबाविरुद्ध फिरू शकत नाही, नुसती गुरगुरते, नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि ओव्हरलोड पुन्हा उडतो. म्हणून कार्डात डिले ठेवलेला असतो. त्याला त्याचं काम करू द्या.

आता गॅस. गॅस जळत नाही की संपत नाही, बंद नळीतच फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता भरला तर पुढच्या मेमध्ये परत साडेतीन हजार. गॅस कमी असला तरी कॉम्प्रेसर तापतो हे खरं, कारण परत येणारा थंड गॅस त्यालाही गार ठेवत असतो. पण मग रात्रीही गारवा कमी पडतो, आतल्या कॉइलवर अर्धवट बर्फ धरतो, नळ्यांच्या जोडावरच्या फ्लेअर नटजवळ तेलाचा ओशट डाग दिसतो. तुमच्याकडे यातलं काही आहे का बघा.

माझा संशय मळलेल्या कंडेन्सरवर (उष्णता बाहेर टाकणारी आउटडोअरची कॉइल) किंवा कोंडलेल्या हवेवर. दुपारच्या उन्हात मग उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉम्प्रेसर तापतो. दुसरा संशय मोटरला जोर देणाऱ्या कपॅसिटरवर, तो म्हातारा झाला की मोटर जास्त करंट ओढते. कपॅसिटर मीटरवर मोजायला सांगा, आणि क्लॅम्प मीटरने करंट.

डायरेक्ट करणे म्हणजे ती डबी काढून वायर सरळ जोडणे. एसी चालेल हो. कॉम्प्रेसरच्या मोटरमधलं तारांचं वाइंडिंग जळेपर्यंत चालेल. त्या माणसाला चहा पाजून परत पाठवा.

घोडबंदर_टँकरवाला
काका, विषयाला सोडून विचारतो. आमचा गीझर असाच मध्येच मेला. दिवा लागत नाही, एमसीबी पडलेला नाही. हासुद्धा ओव्हरलोडच का?

कळव्याचे_काका
जात तीच, कुळी वेगळी. गीझरमध्ये थर्मोस्टॅट रोजचं काम करतो आणि त्याच्यावर पहारेकरी म्हणून थर्मल कटआउट असतो. पाणी उकळायच्या बेताला आलं की तो तोडतो. एसीचा ओव्हरलोड निवल्यावर आपोआप जुळतो, हा बऱ्याच मॉडेलांत जुळत नाही, हाताने दाबावा लागतो. झाकणाखाली छोटं बटण असतं, बहुधा लाल. मेन बंद करूनच झाकण उघडा. भिंतीवरचा नुसता स्विच बंद करून भागत नाही, बाथरूम आहे ते. टँकरचं पाणी जड असेल तर एलिमेंटवर क्षाराचा थर बसलेला असणार, तेही बघून घ्या.

सेक्टर_वीसची_सून, नेरूळ
काका, कान दिला. पंखा फिरत होता, कॉम्प्रेसर गप्प! बर्फ नाही, तेलाचा डाग नाही.

मग आउटडोअरच्या मागे मोबाइल घालून फोटो काढला. कबुतरं येऊ नयेत म्हणून गेल्या वर्षी जाळी लावली, तर एक जोडी जाळीच्या आत राहिली होती वाटतं. काड्या, पिसं, सगळी कॉइल लिंपलेली. शिवाय मागच्या पावसाळ्यात यांनी पाणी उडू नये म्हणून समोर प्लास्टिकचा पत्रा बांधला होता, तो तसाच. गरम हवा बाहेर पडून तिथेच घुटमळत होती.

तिसरा मेकॅनिक बोलावला. आधीच सांगितलं की गॅसचं नाव काढायचं नाही. पत्रा काढला, कॉइल पंपाने धुतली, कपॅसिटर मोजला. वर ३५ मायक्रोफॅरड छापलेलं, भरला २६. करंट आधी ८.८ ॲम्पियर होता, नवा कपॅसिटर टाकून आणि धुऊन ७.१ वर आला. एकूण साडेअकराशे रुपये. काल दीड ते पाच सलग चालला, बाहेर रस्ता नुसता तापलेला. सासूबाई आता सोसायटीत सगळ्यांना निदान सांगत फिरतायत.

फिल्टर_धुवा
१८ वर किती गार करतो?

सेक्टर_वीसची_सून, नेरूळ
२४ वरच लावलाय. बिल तुम्ही भरणार असाल तर १८ करते.

घोडबंदर_टँकरवाला
बटण दाबलं, खट वाजलं, गीझर चालू. दोन दिवस आंघोळी झाल्या, आज परत मेला.

कळव्याचे_काका
सारखं दाबत बसू नका. मरायच्या आधी पाणी कढत येत होतं का?

घोडबंदर_टँकरवाला
हो, वाफा निघत होत्या. बायको ओरडलीच.

कळव्याचे_काका
मग थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटलेत, तो तोडतच नाहीये. कटआउट होता म्हणून वाचलात. थर्मोस्टॅट नवीन बसवा आणि त्याच वेळी सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा आहे का तेही पाहून घ्या. तोवर गॅसवर पाणी तापवा.